इलाज कुणाचा, समाधान कुणाचे?

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. इथूनच एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जातो. सकाळच्या वेळी नाक्यावर भाजीवाले, कामावर निघालेली पोरे, शाळेच्या रिक्षा आणि एसटीची वाट पाहणारी माणसे यांची एकच गर्दी असते. त्या गर्दीत आजारी माणूस लगेच ओळखू येतो. त्याच्या सोबत्याच्या हातात रिपोर्टांची जाड पिशवी असते आणि तो सोबती सारखा घड्याळाकडे पाहत असतो. आजारी माणूस मात्र कुठेच पाहत नसतो. त्याला कुठे नेत आहेत हे पुष्कळदा त्याला सांगितलेलेही नसते.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्हीही तशीच एक पिशवी घेऊन त्या नाक्यावर उभे होतो. सोबत आमची दादी होती. वय शहाऐंशी. कागदावर नव्वद लिहिलेले, पण ती स्वतः शहाऐंशी सांगायची आणि आम्ही तिचेच खरे धरत होतो. दोन महिन्यांपासून तिला खाल्लेले पचत नव्हते. आधी भात नको, मग भाकरी नको, मग रात्री खाल्लेले सकाळी उलटून पडायचे. शौचाला काळी होते हे तिने फुफीला सांगितले होते. फुफीने आम्हाला सांगायला आठ दिवस लावले, आणि आम्ही ते मनावर घ्यायला आणखी आठ दिवस लावले. म्हाताऱ्या माणसाचे पोट बिघडतेच, असे म्हणून आम्ही ओव्याचे पाणी देत राहिलो.

भिवंडीत दुर्बीण घालून तपासणी झाली, तुकडा काढून तपासायला गेला, आणि आठवड्याने कागद हातात आला. जठराच्या खालच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ होती. अन्न पुढे जाण्याची वाटच तिने बुजवत आणली होती आणि तिच्यातून थोडे थोडे रक्त झिरपत होते. पुढे मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जनने सगळे कागद पाहिले, स्कॅन पाहिले आणि थोरल्या चाचांना आत बोलावून सांगितले, "ऑपरेशन होऊ शकतं. करायचं की नाही ते घरी बसून ठरवा."

घरी बसून आम्ही ठरवायला लागलो. एका माणसाला सोडून सगळे बसलो होतो. ते एक माणूस आतल्या खोलीत तसबीह ओढत होते आणि पोट त्याचे होते.

हा लेख त्या बैठकीविषयी आहे. आमच्या घरात जे झाले ते पुष्कळ घरांत होते. आपल्या समाजात होते आणि शेजारच्या समाजांतही होते. म्हणूनच ते चारचौघांसमोर मांडावेसे वाटले.

थोरले चाचा म्हणाले, "ऑपरेशन करायचंच. नाही केलं तर उद्या जमातीत तोंड कसं दाखवायचं? लोक म्हणतील, तीन-तीन मुलं असून अम्माला उपाशी मरू दिलं." कुवेतचे धाकटे चाचा फोनवर रडत होते. त्यांचे एकच, "पैशाचं बघू नका. लागेल तेवढा पाठवतो." आमचे अब्बा गप्प होते. आणि फुफी, जी गेली अकरा वर्षे दादीची वेणीफणी, अंघोळ, औषधपाणी सगळे करत होती, तिने दारातूनच विचारले, "तिला कुणी विचारलं का?"

त्यावर सगळ्यांनी एकदमच सांगितले की तिला काही कळता कामा नये. तिला अल्सर आहे असे सांगायचे ठरले. तिने धसका घेतला तर? हिंमत सोडली तर? आम्हीही त्यात होतो. आम्ही शिकलेले, शाळा-कॉलेजांत वाचलेले, वर्तमानपत्रांत लिहिणारे. तरी त्या खोट्याला आम्हीही मान डोलावली.

आधी आजाराचे आणि शस्त्रक्रियेचे जे कळायला हवे ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा नैतिक प्रश्न नुसता हवेत राहील. जठराचा कर्करोग काढायचा तर जठराचा मोठा भाग, कधी सगळेच जठर, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींसकट काढावे लागते आणि उरलेला भाग आतड्याला जोडावा लागतो. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली. त्यांची रुग्ण त्रेचाळीस वर्षांची होती आणि ती त्यानंतर चारेक महिने जगली. वैद्यकाच्या इतिहासात तो विजय मानला जातो आणि तो होताच. पण यश या शब्दाचा अर्थ सर्जनच्या वहीत एक आणि त्या बाईच्या घरात वेगळा असू शकतो, हेही त्याच दिवसापासून खरे आहे.

आज हे शास्त्र फार पुढे गेले आहे. भूल सुधारली, दुर्बिणीतून लहान छेद घेऊन शस्त्रक्रिया होऊ लागली. या आजाराशी जपानने फार मोठा सामना केला आहे आणि तिथे ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांवरही अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात. त्यातून कळलेली गोष्ट अशी की, नुसते वय हे नकाराचे कारण होत नाही. माणूस चालतो किती, हातात पकड किती, वजन किती उतरले, हृदय-फुप्फुसे-मूत्रपिंडे कशी आहेत, डोके ताळ्यावर आहे का, हे वयाच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. या वयात धोका टेबलावर कमी आणि नंतर जास्त असतो. जोड सुटणे, न्युमोनिया होणे, चार-आठ दिवस माणूस भ्रमिष्टासारखे बोलणे, अंथरुणाला खिळणे असे सगळे होऊ शकते. जे सुखरूप घरी येतात त्यांनाही थोडे थोडे सहा वेळा खावे लागते, जेवल्यावर घाम आणि चक्कर येऊ शकते, वजन उतरते, आणि सगळे जठर काढले असेल तर ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. काहींची ताकद पुन्हा भरून येते. काहींची येतच नाही. आणि पुष्कळ वृद्ध नंतर कर्करोगाने नव्हे, तर दुसऱ्याच कशाने जातात.

शिवाय मधली वाटही असते, आणि आपल्याकडे ती सांगितली जात नाही किंवा आपण ऐकत नाही. गाठ न काढता जठर पुढच्या आतड्याला जोडून अन्नाला वळणवाट करून देता येते. दुर्बिणीतूनच बुजलेल्या जागी धातूच्या जाळीची नळी बसवता येते. रक्त झिरपत असेल तर थोडे किरणोपचार देऊन ते थांबवण्याचा प्रयत्न करता येतो. रक्त चढवता येते, वेदना आणि उलटी आवरता येते. म्हणजे "ऑपरेशन किंवा उपासमार" असा दोनच टोकांचा प्रश्न जो आम्ही घरात मांडला होता, तो मुळात चुकीचा होता. आम्ही सर्जनला दुसरे काही विचारलेच नव्हते.

आता धर्माचे बोलू, कारण बैठकीत धर्म फार आला. एक नातलग म्हणाले, "इलाज न करणं म्हणजे जीव देणं. हराम आहे." दुसरे म्हणाले, "शहाऐंशी वर्षं दिली अल्लाहने. आता कापाकापी कशाला? तवक्कुल ठेवा." दोघेही मनापासून बोलत होते आणि दोघांनीही अर्धेच सांगितले.

इलाज करा असे आपल्याला सांगितलेलेच आहे. रसूलुल्लाह (स.) यांना बद्दूंनी विचारले की आम्ही औषधोपचार करावा का, तेव्हा त्यांनी करा म्हणून सांगितले. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही ठेवला आहे, एक सोडून, असे त्यांनी सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या संग्रहात येते. तो एक कोणता म्हणून विचारल्यावर उत्तर मिळाले, म्हातारपण. आम्ही ही हदीस लहानपणापासून ऐकत होतो, पण तिचे शेवटचे टोक त्या रात्री पहिल्यांदा टोचले. आमच्या घरातल्या आजाराला इलाज होता, आणि जिला तो आजार झाला होता तिच्या वयाला नव्हता. दोन्ही एकाच शरीरात राहत होते.

आणखी एक प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मिरगीचे झटके येणारी एक काळी स्त्री आली आणि तिने आपल्यासाठी दुआ करण्याची विनंती केली. तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या गेल्या. सब्र केलास तर जन्नत आहे, आणि तुला हवे असेल तर बरे होण्याची दुआ करतो. तिने सब्र निवडला. फक्त झटक्यात आपले अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली, आणि ती दुआ केली गेली. या प्रसंगावर उलेमांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हाला त्यातल्या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. तिला विचारले गेले. तिच्यापुढे दोन्ही वाटा ठेवल्या गेल्या. आणि तिने मोठी गोष्ट नाकारून जी लहान गोष्ट मागितली, ती लहान म्हणून झिडकारली गेली नाही. तिचे अंग झाकलेले राहावे ही तिची गरज होती आणि ती कुणी दुसऱ्याने ठरवली नव्हती.

पुढच्या काळातही हा प्रश्न मिटला नाही. हजरत अबू बकर (रजि.) यांच्या शेवटच्या आजारात हकीम बोलावू का असे विचारल्यावर, त्या हकिमाने मला आधीच पाहिले आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. इमाम गजालींनी तवक्कुलवर लिहिताना, काही बुजुर्गांनी इलाज का सोडला आणि इलाज करणे तवक्कुलच्या आड येते का, याची सविस्तर चर्चा केली आहे. आणि आपल्या काळात १९९२ मध्ये जेद्दाला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात इलाजावर ठराव झाला. त्याचा आशय असा की, इलाज मुळात जायज आहे. तो न केल्याने जीव किंवा अवयव जाणार असेल, किंवा आजार दुसऱ्याला लागणार असेल, तर तो वाजिब होतो. आणि ज्या इलाजातून मूळ आजारापेक्षा मोठा त्रास उभा राहण्याची भीती असेल तो मकरूह ठरतो. याच ठरावात, शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची परवानगी आवश्यक असल्याचेही म्हटले आहे.

म्हणजे बैठकीतल्या दोन्ही नातलगांना आधार होता. इलाज नाही केला तर जीव जाणार, म्हणून वाजिब. इलाज केला तर आजारापेक्षा मोठे संकट येऊ शकते, म्हणून मकरूह. शहाऐंशीव्या वर्षी हे दोन्ही निकष एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडतात. मग तराजू कुणी धरायचा? ठरावातच त्याचे उत्तर आहे. ज्याचे शरीर त्याची परवानगी. पण आम्ही ते वाक्य वगळून बाकीचे वाचत होतो.

इथे कुणी म्हणेल की, म्हाताऱ्या माणसाला विचारले की ते नकोच म्हणणार. मुलांना त्रास नको, पैसा नको जायला, म्हणून म्हणणार. ही शंका खोटी नाही. आपल्या घरातल्या बायकांनी जन्मभर "मला काही नको" एवढेच म्हटलेले असते. ताटात उरलेले खाल्लेले असते. त्यांचा नकार हा कधी खरोखरचा नकार असतो आणि कधी नुसती सवय असते. म्हणून विचारणे म्हणजे एकदा विचारून मोकळे होणे नव्हे. पैशाची भीती आधी काढून टाकायची, सगळ्या वाटा सांगायच्या, वेळ द्यायचा आणि पुन्हा विचारायचे. आज निदान पैशाच्या बाबतीत थोडा फरक पडला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण जाहीर झाले. पण कागदावरचा पैसा आला तरी अंबाडीपासून परळपर्यंतची वाट तीच असते. रस्त्याचे खड्डे तेच, ठाण्याला बदलायची लोकल तीच. टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर रात्र काढणारे नातेवाईक आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खर्च म्हणजे नुसते बिल नव्हे हे ठाऊक आहे.

जगातली दोन उदाहरणे त्या दिवसांत आम्हाला आठवत होती. इराणचे आयतुल्ला खुमैनी ऐंशीची मध्यावर पोचलेले होते तेव्हा, १९८९ च्या मे महिन्यात, पोटातल्या रक्तस्रावासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी होते. अकरा दिवसांनी, ३ जूनला, त्यांचे निधन झाले. त्याआधी सव्वीस वर्षे, पोप तेविसावे जॉन यांना १९६२ च्या सप्टेंबरमध्ये जठराचा कर्करोग असल्याचे निदान झाले. वय ऐंशी. त्यांच्यावर ती शस्त्रक्रिया झाली नाही. ते आठेक महिने जगले. त्या महिन्यांत त्यांनी आपल्या धर्मपीठाची मोठी परिषद सुरू केली, जगातल्या शांततेविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले, आणि १९६३ च्या ३ जूनलाच ते गेले. तारीख एकच. यावरून एकाची चूक आणि दुसऱ्याचे बरोबर असे काढता येत नाही. एकाचे रक्त वाहत होते आणि वाट पाहायला वेळ नव्हता, दुसऱ्याची परिस्थिती निराळी होती. एवढेच कळते की, जगातले सगळे डॉक्टर आणि सगळ्या दुआ हाताशी असल्या तरी हा प्रश्न सोपा होत नाही. मग अंबाडीतल्या एका घराला तो जड गेला यात नवल नाही.

आणि आम्ही हेही सांगितले पाहिजे की आमच्याच भागात, वज्रेश्वरीच्या बाजूला, एक निवृत्त शिक्षक आहेत. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे असेच ऑपरेशन झाले. त्यांनी स्वतः मागून घेतले. "मला नातवाचं लग्न बघायचंय," म्हणाले. लग्न झाले. अजून ते काठी टेकत मशिदीत जुम्याला येतात आणि खिशातल्या डबीतून दर दोन तासांनी काहीतरी खातात. म्हणून "या वयात कशाला?" असे म्हणणाऱ्यांनीही जपून बोलावे. त्या प्रश्नात प्रेम असते, तसा कधीकधी कंटाळाही असतो. वय झाले म्हणून कुणाला हिशेबातून काढून टाकणे हे, वय झाले तरी जबरदस्तीने टेबलावर चढवण्याइतकेच वाईट.

तर पुढे काय झाले. ऑपरेशनसाठी दाखल करायच्या आदल्या दिवशी संमतीचा कागद समोर आला. चाचांनी सही करायला पेन उघडले. तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी शुद्धीत आहेत ना? मग सही त्यांची पाहिजे." आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते, पण कायदा हेच सांगतो. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले की, सज्ञान आणि समजत्या रुग्णाच्या जागी दुसऱ्या कुणाची, अगदी तिच्या आईचीही, परवानगी चालत नाही. आणि ती परवानगी काय होणार, धोके काय, दुसरे पर्याय काय, हे समजून दिलेली असली पाहिजे.

चाचा कागद घेऊन दादीकडे गेले. "अम्मा, इथं अंगठा दे. अल्सरचं आहे." दादीने कागदाकडे पाहिले नाही. चाचांकडे पाहिले.

"निकाहच्या वेळी मौलवींनी पडद्याआडून तीनदा विचारलं होतं, कबूल आहे का," ती म्हणाली. "मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मला काय कळत होतं? तरी विचारलं. आता पोट कापायचं तर कुणी विचारत नाही."

तिला सगळे माहीत होते. किती दिवसांपासून, ते तिने सांगितले नाही. बाजूच्या खाटांवरच्या बायका बोलत होत्या, भिंतीवर फलक होते, आणि मुलांचे चेहरे होते. महिनाभर आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि महिनाभर ती आमच्यापासून लपवत होती की तिला कळले आहे. दोन्हीकडून प्रेमच होते. पण त्या प्रेमाने तिला तिच्या सगळ्यात मोठ्या भीतीसोबत एकटे टाकले होते. रात्री ती कुणाशी बोलली असेल? ज्या मुलांसाठी तिने आजारपणे काढली, त्यांच्याशी ती स्वतःच्या मरणाविषयी एक वाक्य बोलू शकत नव्हती, कारण आम्ही ते दार लावून घेतले होते. आमच्या हातून झालेली चूक म्हणतो ती हीच. ऑपरेशन करावे की नाही यात आम्ही चुकलो असू किंवा नसू. या गोष्टीत मात्र नक्की चुकलो.

मग सर्जन आले. खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. दादीने त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. "कापल्यावर मी माझ्या हातानं वजू करीन का? आणि किती दिवस इथं राहावं लागेल?" त्यांनी घाई केली नाही. सगळे ठीक झाले तर दहा-पंधरा दिवस, नाही झाले तर महिना किंवा जास्त. ताकद परत येईल याची खात्री देता येत नाही. कदाचित उठता येईल, कदाचित दुसऱ्याचा हात लागेल. कापले नाही तर आजार वाढत जाईल, पण खाण्यापिण्याची वाट काही काळ मोकळी करून देता येईल. ते सगळे त्यांनी साध्या भाषेत सांगितले. दादी म्हणाली, "मग वाट मोकळी करा. घरी जाऊ द्या."

दुर्बिणीतून जाळीची नळी बसवली. दोन दिवसांनी तिने पेज प्यायली आणि ती पोटात राहिली. चौथ्या दिवशी आम्ही अंबाडीला परत आलो.

ती त्यानंतर पाच महिने जगली. त्यातले साडेतीन महिने बरे होते. अंगणात खुर्ची टाकून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, रव्याची खीर मागायची. कुणाला काय द्यायचे ते सांगितले. दोन जुनी भांडणे मिटवली आणि एक मिटवायला साफ नकार दिला. शेवटचे सहा आठवडे कठीण गेले. वेदना होत्या. त्या काळात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत सगळे होते, पण खेड्यातल्या घरात रात्री दोन वाजता वेदना आवरायला काहीच नव्हते. भारतातले पहिले शांती अवेदना सदन १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झाले. मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला. पण अंबाडीच्या आसपासच्या औषधदुकानांत चाचा ते शोधत फिरले तेव्हा हाती काही लागले नाही. शेवटी मुंबईहून कागद आणून, दूरवरून गोळ्या आणाव्या लागल्या. ऑपरेशन नको म्हणण्याचा हक्क तेव्हाच खरा असतो, जेव्हा नको म्हटल्यावरही कुणीतरी वेदना आवरायला असते. नाहीतर तो हक्क नव्हे, नुसती उपेक्षा.

कुणी विचारेल, ही आत्महत्याच नव्हे का? आपल्याच महाराष्ट्रात १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये विनोबा भावे यांनी पवनारला आजारपणात अन्न-औषध सोडून देह ठेवला. त्यांच्या श्रद्धेत ती वाट होती, आपल्या श्रद्धेत मरण मागायची मुभा नाही. पण दादीने मरण मागितले नव्हते. ती खीर मागत होती. तिने फक्त एका विशिष्ट इलाजाला नाही म्हटले, इतर इलाज घेतले, आणि जगण्याचे जे दिवस मिळाले ते जगली. देशाच्या कायद्यानेही आता हा फरक मानला आहे. अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये आणि पुढे कॉमन कॉजच्या खटल्यात ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने, मरण घडवून आणणे वेगळे आणि नको असलेले उपचार नाकारणे वेगळे, असे सांगितले. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि उपचारांबाबतची आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये त्या पद्धतीतली किचकट कलमे सोपी केली. आपण वसीयत लिहितो, जमिनीची वाटणी लिहितो. आपल्या शरीराचे काय करावे हे मात्र लिहीत नाही. तेही लिहावे.

कुरआनात आई-वडील म्हातारे झाले तर त्यांना उफ्‌सुद्धा म्हणू नका असे सांगितले आहे. आपण ते सगळे पाठ म्हणतो. आमच्या मते, त्यांना न विचारता त्यांच्या शरीराविषयी ठरवणे हाही एक प्रकारचा उफ्‌च आहे, फक्त तो गोड आवाजात म्हटलेला असतो. आणि "लोक काय म्हणतील" यासाठी त्यांना टेबलावर चढवणे, किंवा "लोक काय म्हणतील" यासाठीच त्यांना तिथून उतरवणे, ही खिदमत नव्हे. त्यात इलाज त्यांचा असतो आणि समाधान आपले असते.

थोरले चाचा आजही मधूनच विचारतात, "केलं असतं तर वाचली असती का?" आम्ही नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. वज्रेश्वरीचे मास्तर दर जुम्याला समोर येतात, तेव्हा चाचांची नजर त्यांच्यावर थबकते. ती शंका त्यांच्यासोबतच जाईल. पण एकदा त्यांनी स्वतःहूनच सांगितले, "निदान ती रागावून नाही गेली." आम्हाला वाटते, या सगळ्यात खात्रीने सांगता येईल असे तेवढेच आहे.

आपल्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचे माणूस असेल, आणि पिशवीत कागद येऊन पडले असतील, तर बैठक जरूर घ्या. डॉक्टरांना ऑपरेशनशिवायच्या वाटा विचारा. आलिमांनाही विचारा. पण बैठक आतल्या खोलीत घ्या. आणि आधी खाटेजवळ खुर्ची ओढून बसा.